वर्बासच्या खोऱ्यातला एक शब्द

किहीमला शेजारी होमस्टे चालवणारी सुनंदा कुंपणावरून विचारते, "मेजरकाका, युरोपात व्हतात म्हनं? मजा केली असंल!"

"व्हय, केली," मी म्हणतो आणि दार लावून घेतो. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. म्हणून लिहितोय.

पोस्टिंग बोस्नियात, वर्बास नदीच्या खोऱ्यात, शस्त्रसंधीचा निरीक्षक म्हणून. युद्ध थांबलं होतं, सुरुंग निघाले नव्हते. मी, एक जीप आणि ड्रायव्हर मिर्साद. युद्धाआधी तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि खोड काही गेली नव्हती. साडेसातला जीप निघाली की तास सुरू. वर्बास हे नाव वाळुंजाच्या झाडावरून. ती दक्षिणेच्या डोंगरात उगम पावते, चुनखडीच्या घळी कापत उत्तरेला सावा नदीला मिळते. या खोऱ्यात आधी बोस्नियाचे राजे, मग तुर्क, मग ऑस्ट्रियावाले. अहो, किती बोलायचा! मी वैतागायचो.

बाराव्या दिवशी मी टेकडीवरच्या चौकीत चालत गेलो. जीपला माझ्यापर्यंत यायला दोन मार्ग होते, वरचा रस्ता आणि जुना पूल. पुलावरचे सुरुंग काढणं चालू होतं. कुठून यायचं ते मी वरून बघून सांगणार होतो.

१०:४० ला रेडिओ वाजला. "मेजर, कुठून येऊ? ओव्हर."

"अपर रोड मस्त. ओव्हर."

बटण दाबून सेकंदभर थांबायचं, मग बोलायचं. हे रिक्रूटलाही येतं. मी घाईत थांबलो नाही. पहिले दोन शब्द कापले गेले, उरला फक्त 'मस्त'.

"मोस्त. रॉजर," तो म्हणाला. मला वाटलं, सतत माझ्या तोंडी असणाऱ्या 'मस्त'ची नक्कल करतोय. मी हसलो.

१०:५१ ला पुलावर स्फोट झाला. मिर्साद जागीच गेला.

चौकशीत अधिकाऱ्याने मिर्सादची, रेडिओवरचे निरोप टिपायची अर्धी जळालेली वही पुढे केली. "यात 'मोस्त' लिहिलंय. त्यांच्या भाषेत पूल. तू पूल म्हणालास?"

"नाही, सर."

खोटं नव्हतं ते. पण काय म्हणालो होतो, ते सांगितलं नाही. घाबरलो मी, दुसरं काही नाही. अहवालात आलं: चालकाची चूक.

दफनाच्या दिवशी त्याच्या आईने माझा हात धरला. "माझ्या मुलाला हे खोरं पाठ होतं. तो कसा चुकेल?" दरवर्षी तिचं पत्र येतं, तोच प्रश्न घेऊन. आता ती नव्वदीला टेकली आहे.

काल अलिबागला जाऊन तिला उत्तर टाकलं. आई, तुमचा मिर्साद चुकला नव्हता. मी चुकलो, आणि मग गप्प बसलो. तो माझं ऐकून गेला.