आईने स्वतः घातलेला अंबाडा
खोबरेल तेलाचा वास आला की आईच्या खांद्याचा सांधा बदलला ते दिवस आठवतात. तिचा हात वर जाईना, म्हणून फौजेतून रिटायर झालेले वडील रोज सकाळी घराच्या पुढच्या सोप्यात बसून तिच्या केसांना तेल लावून अंबाडा घालायचे, तोही परेडला जायचं असल्यासारखा आवळून. आई दारावरच्या कप्पीची दोरी ओढत व्यायाम करायची आणि "ह्यो हात काय आता उठत न्हाई," म्हणून डोळे पुसायची. तिसऱ्या महिन्यात एकदा तिने वडिलांच्या हातातला कंगवा घेतला, ओठ दाबून दोन्ही हात मानेमागे नेले आणि वाकडातिकडा अंबाडा घातला. "म्हंजे मी दुसऱ्यांदा रिटायर झालो की!" वडील म्हणाले. "आवं, रिटायर कसलं? चा ठेवा आता," आई म्हणाली. आजही आमच्याकडे सकाळचा चहा वडीलच करतात.