दाराची पेटी

संकल्पाच्या रविवारी बडनेऱ्याच्या चर्चमध्ये सर्वांत आधी हात वर झाला तो देवीदास सुताराचा. छपरावर सोलरचे पॅनल बसले होते. पाळक विपुलसाहेबांनी सृष्टीच्या कारभारीपणावर उपदेश केला होता. संकल्पातला शेवटचा ठराव असा होता, की यापुढे मंडळीतल्या कोणाच्याही शवपेटीसाठी झाड कापायचे नाही. मृताला कापडात गुंडाळून मातीला द्यायचे. मंडळीच्या पेट्या आजवर देवीदासच करीत आला होता. त्याने हात वर केला नसता तर लोक म्हणाले असते, सुताराला धंदा सुटत नाही. तो संकोच होता की सद्विवेक, हे त्या क्षणी त्यालाही कळले नाही.

घरी त्याची बायको लीलाबाई खाटेवर होती. दुखणे बरे होणारे नव्हते.

"तुमीबी हात वर केला?"

"सगळ्यायनं केला."

"सगळे थोडेच मरून राहिले? मरून राहिली मी." ती हसली, मग खोकत राहिली. "मले पेटी पायजे."

कारण त्याला ठाऊक होते. तिच्या लहानपणी धाकट्या भावाला चादरीत गुंडाळून पुरले होते. उन्हाळ्यात काळी जमीन फाटली, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि कुत्री आली. आईने जे पाहिले ते लीलाबाईनेही पाहिले होते.

देवीदास पाळकांकडे गेला. विपुलसाहेब कठोर मनाचे नव्हते. ऐकताना त्यांचे डोळे भरले.

"देवीदासभाऊ, पहिल्याच घराला सूट दिली तर संकल्प उरतो कुठे? आणि पहिला हात तुमचाच होता. आपण खड्डा खोल खणू."

"भेगाबी खोलच जातात, साहेब."

भर मे महिन्यात, सकाळी लीलाबाई गेली. बाया तिला आंघोळ घालत होत्या, तेव्हा देवीदासने पटाशी घेतली आणि समोरच्या दाराची दोन्ही कवाडे बिजागऱ्यांतून उतरवली. लग्नाच्या वर्षी त्यानेच केलेले सागाचे दार. लाकूड पुरेना, तेव्हा मागचे दार काढले, मग खिडकीच्या झडपा.

शेजारची पार्बताबाई ओरडली, "काय करून राहिले, भाऊ? घर उघडं टाकता का?"

"झाड नाई कापून राहिलो," तो रंधा न थांबवता म्हणाला.

संध्याकाळी पेटी कबरस्तानात गेली. कोणी अडवले नाही. खांदा देणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलेही नाही. जुन्या कडीची भोके झाकणावर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी विपुलसाहेब सांत्वनाला आले. दारावर थाप द्यायला त्यांनी हात उचलला आणि तो हवेतच राहिला. रिकाम्या चौकटीतून उन्हाच्या झळा सरळ आत शिरत होत्या. भिंतीशी बसलेल्या देवीदासने मान वर केली नाही.

"या, साहेब. उघडंच हाय."