नवतप्यानंतरचे पाच तारे

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी धरमपेठेतल्या कूलर दुरुस्तीवाल्याने मला त्याच्या दुकानाला फोनवर दिलेले पाच तारे काढून टाकायला लावले.

माझा कूलर त्याने नुकताच दुरुस्त केला होता. पंप लावला की तो डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकतो आणि बोलणं 'मशीन हाय' म्हणून संपवतो. समोर नवं दुकान उघडलं होतं. फोनवर शोधलं की तेच सगळ्यात वर दिसायचं. याची जुनी गिऱ्हाइकंही आता तिकडे जात होती.

"काहून लिहिलं, भाऊ? ऊन कुठं तापलं अजून? मेअखेरचा नवतपा निघू द्या. ते नऊ दिवस कूलर चालला, तं लिहा. मशीन हाय."

"समोरचा तर लगेच लिहून घेतो."

"त्याले घाई हाय. मले पुढच्या उन्हाळ्यातबी इथंच बसाचं हाय."

प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगत होता.

नवतप्यात कूलर चालला. जूनमध्ये मी पाच तारे दिले. त्याच आठवड्यात इतरांनीही दिले आणि त्याचं दुकान यादीत सगळ्यात वर आलं. सांगायला गेलो, तर शटर खाली होतं. हंगाम संपला म्हणून तो सावनेरला पेरणीला गेला होता.