बारक्याची वाळू

आमचा बारक्या गेला. माझा धाकटा भाऊ. लोक म्हणतात त्याला किरणांनी खाल्लं. तसं काही नाही, हृदय बंद पडलं. ती किरणं दगडमातीतूनच येतात, थोडी थोडी, आपल्या घराच्या भिंतीतूनसुद्धा येतात म्हणायचा. ती मोजायची हे त्याचं काम. तेलासाठी विहीर खोदतात ना, त्या खोदायच्या पाईपातच यंत्र असतं. चिकणमातीतून किरणं जास्त येतात, वाळूतून कमी. आणि तेल असलं तर वाळूत असतं.

पण आकडा येतो तसा घ्यायचा नाही. मधे लोखंडाचा पाईप, भोवती भोकातला चिखल, दोघंही किरणं खातात. मला म्हणाला, "ताई, शेजारचं भांडण भिंतीतून ऐकतेस ना तू? भिंत जाड असली की आवाज बारीक येतो. म्हणून काय त्यांचं पटायला लागलं का?" तर भिंतीनं खाल्लेलं हिशोबानं परत मिळवायचं. भावजय म्हणायची, "हे जगाचे आकडे दुरुस्त करतात, मोरीतला नळ कधीचा टिपकतोय." हा म्हणायचा, "टिपकू दे, पाणी आहे एवढं तरी कळतं."

शेवटच्या विहिरीत घोळ झाला. कंपनी निघायच्याच बेतात होती, ही विहीर लागली तरच थांबणार, नाहीतर सगळ्यांचं काम जाणार. खोदताना पाईप वाकला म्हणून ड्रिलरनं दुसरा बसवला, जाड. आतलं यंत्र तेच, त्याचा नंबर तोच, म्हणून त्याला वाटलं यात काय सांगायचं. बारक्या जुन्याच पाईपाच्या हिशोबानं मिळवत बसला. कमी मिळवलं, आकडा कमीच राहिला. मग काय, तिथून खाली वाळूच वाळू दिसायला लागली. कामावरच्या पोरांनी त्याला कॅन्टीनमधे खांद्यावर घेतला.

विहिरीतून नुसता गढूळ चिखल आला. कंपनीनं सिमेंट ओतून तोंड बंद केलं आणि गाशा गुंडाळला.

मग ड्रिलर घरी आला, पाईपाचं सांगितलं. म्हणाला, "सांगायला पाहिजे होतं रे मी." हा म्हणाला, "मी विचारायला पाहिजे होतं." भांडण नाही काही नाही. पण याच्या डोक्यात शिरलं की वरच्या भागात उलटं झालं असेल. तिथे भोक रुंद झालंय, म्हणजे चिखल जास्त, असं धरून आपण जास्त मिळवलं असेल, वाळू असून माती दिसली असेल. तशी वाळू सापडली तर कंपनीच्या साहेबाला दाखवायची, विहीर परत उघडायला लावायची. ड्रिलरनं ते सगळ्यांना सांगितलं. पोरं थांबली. दुसरीकडे काम मिळत होतं ते पण काहींनी घेतलं नाही.

बारक्यानं सगळं परत केलं. जाड पाईप, चिखल किती दाट, भोक किती रुंद. परत परत तेच. मला म्हणाला, "ताई, वरपासून खालपर्यंत मातीच आहे गं."

म्हटलं, "मग सांगून टाक पोरांना."

"सांगतो. एकदा परत बघतो."

कॉम्प्युटरपुढेच मान टाकली त्यानं. सांगायचं राहिलं.

काल ड्रिलर भेटायला आला. भावजयीपुढे बसला. शेवटी विचारलंच, "सापडलं का त्याला काही? पोरं विचारतात." भावजय उठून आत गेली.

मी म्हटलं, "नाही. मातीच आहे सगळी."

"जाड पाईप धरला होता ना?"

"धरला होता."

"आणि चिखल?"

"सगळं धरून केलं बाबा त्यानं."

मान हलवत राहिला. त्याच्यानं उठवेना, आणि मला काही दुसरं सांगता येईना.