साडूच्या गाडीचे हिरवे व्हायझर

माझ्या साडूचं मला कधीच काही खुपलं नाही. त्याचा राहुरीकडचा ऊस दाट होता, विहिरीला बाराही महिने पाणी होतं, डोक्यावर सगळे केस होते, आणि हे सगळं मी मोठ्या मनानं सहन केलं. पण एका रविवारी तो काष्टीला, आमच्या दोघांच्या सासुरवाडीला, गाडी घेऊन आला आणि त्या गाडीच्या खिडक्यांवर हिरव्या प्लॅस्टिकचे व्हायझर होते. तिथं माझं मोठं मन संपलं.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. व्हायझर म्हणजे खिडकीच्या वरच्या कडेला बाहेरून बसवायची हातभर लांबीची पट्टी. ऊन अडतं, पावसातसुद्धा काच थोडी खाली ठेवता येते. एवढाच तिचा उपयोग. पण त्या काळी आमच्या भागात मोटारीच मोजक्या, आणि व्हायझरवाली मोटार तर सिनेमातच. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा उन्हातून त्या हिरव्या पट्ट्यांची सावली शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडली. सावलीसुद्धा हिरवी. मी माझ्या सावलीकडे पाहिलं. ती काळीच होती.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "गाडीनं पदर घेतला म्हनायचा."

"मुंबईचा माल हाय मामी," साडू म्हणाला. "बसवला मात्र मीच. एका दुपारचं काम. त्यात काय अवघड हाय?"

शेवटचं वाक्य तो माझ्याकडे बघून बोलला. बेलापुरात माझं इंजिनं आणि पंपांचं दुकान होतं. यंत्रातलं कळणारा जावई म्हणून सासुरवाडीत माझी जी काही पत होती, ती त्या दुपारी त्यानं दोन वाक्यांत स्वतःच्या खिशात टाकली.

आणि वर सासरे बोलले. "पोरीच्या लग्नात नवरदेव याच गाडीतनं आनू."

इथं मला बसून घ्यावं लागलं. धाकट्या मेहुणीचं लग्न महिन्यावर आलं होतं. आमच्याकडे नवरदेवाला आधी मारुतीच्या देवळात नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात. ती गाडी मुलीकडच्यांची असते आणि चालवायला जावई बसतो. अख्खं गाव दुतर्फा उभं असतं. मी थोरला जावई. तो मान माझा, हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण गाडीच्या बाबतीत मला स्पर्धक असेल असं मला वाटलंच नव्हतं. आता तो हिरवी सावली पाडत समोर उभा होता.

परतीच्या वाटेवर नगर येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

"पोटात दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग व्हायझर दुखतंय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत हसत बसली.

नगरच्या मोटारीच्या सामानाच्या दुकानात चौकशी केली. माल मुंबईहून मागवावा लागेल, लग्नाच्या आत येईल याची खात्री नाही, असं उत्तर मिळालं. मग मी ठरवलं, आपणच करायचे. ज्याला विकत मिळतं तो नुसतं बसवतो. मी बनवून बसवणार होतो. मनातल्या मनात मी साडूला तिथंच हरवून टाकलं.

घरात गोडेतेलाचे रिकामे चौकोनी डबे होते. ते मी कापले, ठोकून सपाट केले. त्यातल्या एकात पापड होते, हे मला कापल्यावर कळलं.

"काढायचे तरी आधी," बायको म्हणाली.

"काढलेत की. ते काय, पेपरवर आहेत."

"तुमच्या साडूंनी घरातले डबे फोडले नाहीत हो. त्यांचं आपलं साधंच प्लॅस्टिक."

'साधंच' या शब्दावर तिनं जो भार दिला, तो मी आजही विसरलेलो नाही.

माझी गाडी म्हणजे एका डॉक्टरांनी मन भरेपर्यंत वापरून मला विकलेली अँबॅसिडर. तिचं मागचं उजवं दार डॉक्टरांच्या काळापासूनच उघडत नव्हतं. बाकी झकास. मी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. कापलेली कड हाताला लागू नये म्हणून खालची बाजू आत दुमडली, चांगली बोटभर. हातड्रिलनं भोकं पाडली आणि दारांच्या वर टपाला जी पन्हळ असते, तिला पट्ट्या स्क्रूनं आवळून टाकल्या. दुकानाच्या फळ्या रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, तो बाहेरून दिला. आतून रंग पुरला नाही. आत बसलं की डोक्यावर शेंगांचं चित्र आणि 'शुद्ध शेंगदाणा तेल' ही अक्षरं दिसत. बाहेरून दिसत नव्हतं, आणि मला बाहेरचंच काम होतं.

साडूनं त्याचे व्हायझर दाराच्या चौकटीला बसवले होते, म्हणजे दार उघडलं की तेही दाराबरोबर फिरत. माझे टपाला होते. दार उघडताना पत्रा जरासा वर उचलला जाई, लावताना पुन्हा खाली बसे. मला त्यात चूक दिसली नाही, उलट ऐट दिसली. सासूबाईंच्या भाषेत सांगायचं तर गाडी दारातून बाहेर पडणाऱ्यासाठी पदर उचलून धरायची.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी काष्टीला पोचलो आणि माझी गाडी मुद्दाम साडूच्या गाडीशेजारी उभी केली. चार हात लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच हिरव्या. साडू जवळ आला. त्यानं पत्र्यावर टिचकी मारली. टण्ण असा आवाज आला.

"वजनदार हायेत, साडूभाऊ," तो म्हणाला.

"टिकाऊ आहेत," मी म्हणालो.

सासऱ्यांनी दोन्ही गाड्या पाहिल्या, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि निकाल दिला. "आता दोनीलाबी पदर हाय. मग मान थोरल्याचा." मी साडूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं.

लग्नाच्या दिवशी मी फेटा बांधून स्टिअरिंगवर बसलो. माझं दार मी तान्ह्या बाळाला थोपटावं तसं हळू लावत असे, रंग अजून पुरता वाळला नव्हता. मारुतीच्या देवळापाशी नवरदेवाला मागच्या सीटवर बसवलं, आणि त्याच्या धाकट्या भावानं, भावाच्या लग्नाचा सगळा उत्साह हातात आणून, दार धाडकन लावलं. माझ्या पाठीमागं काहीतरी करकरलं. पण तेवढ्यात बँड सुरू झाला आणि मी गाव बघण्यात गुंतलो. खरं म्हणजे गाव मला बघत होतं. साडू बँडच्या मागं पायी चालत होता. किती सुंदर सकाळ होती ती.

मांडवापाशी गाडी थांबली. सासूबाई ओवाळायला तबक घेऊन उभ्या, सासरे शेजारी. नवरदेवानं दार उघडायला हात घातला. दार हललं नाही. त्यानं खांदा लावला. नाही. मी मागं वळून पाहिलं. दार आपटताना पत्रा दाराबरोबर आत ओढला गेला होता, आणि ती माझी बोटभर दुमड दार आणि चौकटीच्या फटीत पाचरीसारखी ठोकून बसली होती. पलीकडचं उजवं दार तर मुळातच उघडत नव्हतं.

बाहेरच्यांना हे दिसत नव्हतं. बाहेरच्यांना एवढंच दिसत होतं, की नवरदेव उतरत नाहीये. आणि नवरदेव मांडवाच्या दारात उतरला नाही, तर त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो.

"रुसला," गर्दीतून एक बाई समाधानानं म्हणाली.

"रुसायचाच. आमच्या वेळंला तर दुपार झाली हुती."

सासरे खिडकीपाशी आले. "काय पायजे पाव्हणं? बोला मोकळं."

नवरदेव हुशार गडी. त्यानं दाराकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि मुंडावळ्यांच्या मागं खाली मान घालून गप्प बसला. मी बोलायला हवं होतं. पण साडू हाताची घडी घालून माझ्या खिडकीशी उभा होता.

"दार अडाकलं का काय, साडूभाऊ?" तो अगदी हळू, अगदी प्रेमानं म्हणाला.

"छे. रुसवा आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिडकीतून आत दिलं. बायका हसल्या, बँडवाल्यानं ढोलावर दणका दिला. नवरदेवानं घड्याळ बांधलं, आता उतरावं म्हणून पुन्हा जोर लावला, आणि पुन्हा जागच्या जागी बसला.

हसणं थांबलं.

"आता आनि काय?" सासूबाईंनी तबक खाली घेत विचारलं.

"बास की रे," नवरदेवाचा बाप पुढं येऊन ओरडला. "लाज आनतो का मला?"

"आबा, तसं न्हाई..." आतून नवरदेव म्हणाला, पण बँडवाल्याला कुणी थांबवलंच नव्हतं. गुरुजी मांडवातून वेळ होतेय म्हणून हाका मारत होते. सासऱ्यांचा चेहरा दगडासारखा झाला. माझी मेहुणी आत पिवळ्या साडीत बसली होती, आणि तिचा बाप तिच्या होणाऱ्या नवऱ्याला हावरट समजू लागला होता, तेलाच्या डब्यामुळे. ते मात्र मला सोसवेना.

मी मागं वाकलो आणि नवरदेवाच्या कानात म्हणालो, "पाव्हणं, लाथ घाला."

त्यानं पाय आखडले आणि घातली. गावात मल्ल म्हणून नाव होतं त्याचं, हे मला नंतर कळलं. दार उघडलं, पत्रा पन्हळीतून उपटून टणाणत उडाला आणि साडूच्या पायाशी उताणा पडला, शेंगांचं चित्र वर करून. बँड आपोआप थांबला.

साडूनं पत्र्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडायच्या आत मी गाडीतून उतरलो, दोन्ही हात वर केले आणि खड्या आवाजात म्हणालो, "झालं. नवरदेव उतरला, गाडीचा पदर उतरला. आमच्या बेलापूरकडं ही पद्धत आहे. नवरदेवाच्या पायानंच काढायचा असतो."

असली पद्धत बेलापूरकडं नाही. कुठंच नाही. माझी बायको तोंडाला पदर लावून मांडवाच्या खांबामागं गेली, तिचे खांदे हलत होते. पण नवरदेवानं मान डोलावली, घड्याळ वाचवायचं होतं ना त्याला. "व्हय, ठावं हाय मला," तो म्हणाला. सासरे हसले. सासूबाईंनी ओवाळलं. नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर, गाडीत चढताना लागलेल्या ओल्या रंगाचा, हिरवा पट्टा उमटला होता, तो शकुनाचा म्हणून चार बायकांनी वाकून पाहिला.

लग्न लागलं, पंगती उठल्या. उन्हं कलल्यावर पाठवणीची तयारी सुरू झाली तेव्हा सासूबाई अंगणात आल्या आणि साडूच्या गाडीपुढं थबकल्या.

"हिचा पदर का ऱ्हायलाय?"

"मामी, ही गाडी नवरदेवाची न्हाई," साडू म्हणाला.

"दोनी गाड्या लेकींच्याच हायेत. एकीचा काढायचा अन् एकीचा ठिवायचा, आसं मला चालायचं न्हाई. आज दिवस कसला हाय?"

"मामी, मुंबईचा माल..."

"लाथंनं काढायचा नसंल तर हातानं काढा. म्या काय म्हनत न्हाई."

साडूनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग मला त्याची दया आली, म्हणजे तसा चेहरा तरी मी केला, आणि माझ्या गाडीतून स्क्रू ड्रायव्हर आणून त्याच्या हातात दिला. तो एकेक स्क्रू फिरवून काढत होता, आणि एकही हरवू नये म्हणून मी शेजारी ओंजळ धरून उभा होतो.

"नीट धरा," तो दात आवळून म्हणाला.

"धरलंय," मी म्हणालो. "एका दुपारचं काम. त्यात काय अवघड हाय?"