बधिर हातावरचे टाके

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. बावीस वर्षं ड्रेसर म्हणून लोकांच्या जखमा शिवल्या... भूतबीत कधी भेटलं नाही.

छत्तीसगडमधल्या कुम्हारीत हायवेलगतच्या एका छोट्या दवाखान्यात होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या कारखान्यातला शालिकराम डाव्या तळहाताला पत्रा लागून आला. मूळचा भंडाऱ्याकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटं थांबायचं असतं. मी थांबलो नाही. आतल्या खोलीत टीव्हीवर मॅच चालू होती — एवढंच कारण. लिहितानाही लाज वाटते.

"दुखून राहिलं का?" मी विचारलं.

"नाही जी," तो म्हणाला.

सात टाके घातले, रजिस्टरमध्ये तसं लिहिलं आणि मॅचला पळालो. भुलीचा शोध लागण्याआधी चार जण रोग्याला दाबून धरायचे, असं आम्हाला शिकवलं होतं. मला तर धरायलाही कोणी लागलं नाही... तो स्वतःच गप्प बसला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं होतं.

गेल्या वर्षी स्कूटीवरून पडलो, डावं मनगट मोडलं. भिलाईत ऑपरेशन झालं. खांद्याजवळ इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर केला, सुई टोचून खात्रीही केली. मध्ये हिरवा पडदा. आणि माझ्या तळहातात सुई शिरली... धागा ओढला गेला. मग दुसरा टाका, तिसरा — मी ओरडलो.

"हथेली को तो किसी ने छुआ भी नहीं," डॉक्टर पडद्यावरून म्हणाले.

आठ टाके मोजले मी. घरी आल्यावर मनाची समजूत घातली — शालिकरामचे सातच होते, म्हणजे हे आपलं मनच खातंय. तरी चैन पडेना. प्लास्टर निघाल्यावर भिलाई-३ या वस्तीत त्याचं घर शोधलं आणि माफी मागितली. ऑपरेशनबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

"दुखलं तं लय जी. पन तुमी घाईत दिसले," तो म्हणाला. मग स्वतःचा तळहात पाहत हसला. "पाचवा टाका तं दोनदा घातला तुमी. धागा तुटला होता नं."

मी ते साफ विसरलो होतो.

माझ्या तळहातावर एकही खूण नाही... असती तर बरं वाटलं असतं.