पाठकबाईंची आठवी ब

पाठकबाई वर्गात शिरण्याआधी दाराशेजारच्या भिंतीला उलटा हात लावून पाहायच्या. तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसं. मग मला सांगायच्या, "हिला आज चांगलाच चढलाय." मी त्या शाळेत नवी होते. मला वाटलं, असेल वयाची लहर.

नारायणगुड्यातली आमची मुलींची शाळा. वर्ग अपुरे पडले तेव्हा गच्चीवर पत्रे ठोकून दोन खोल्या काढलेल्या. जुन्या शिक्षिका सांगत, पूर्वी तिथे एप्रिलातच काय तो त्रास व्हायचा. आता शिवरात्र उलटली की पंखे गरम वारा ओतायला लागत. एका खोलीत माझी सातवी, दुसरीत बाईंची आठवी ब. त्या मराठी शिकवायच्या. मुलींना ताक आणायला लावायच्या, खिडक्यांना ओली पोती बांधायच्या. "पोरींना थोडं सोसायला शिकू द्या," असं कुणी म्हणालं की फटकन उत्तर यायचं, "सोसणं हा विषय अभ्यासक्रमात नाही."

मार्चमधल्या एका दुपारी कविता म्हणता म्हणता सुजाता नावाची मुलगी बाकावरून कोसळली. पाणी मारलं, वारा घातला, तेव्हा तिने डोळे उघडले. आई येऊन तिला घेऊन गेली. बाई परत वर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "दप्तरं उचला." जिन्याशी मी दिसताच म्हणाल्या, "तुझी सातवीपण घे. विचार नक्को करू."

दोन्ही वर्ग खाली थेट संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत जाऊन बसले. शाळेतला एकुलता एक एसी तिथे. मुली गालिच्यावर, सोफ्यावर, टेबलाच्या कडेला. साहेब उभेच राहिले. "बाई, ये क्या तमाशा है?"

"तमाशा नहीं साब, आठवी ब है. आजपासून वर्ग इथे भरणार."

"हमारे जमाने में गरमी नहीं थी क्या? सब सहे ना?"

"आपके जमाने में शिवरात्रीपर्यंत रजई लगती थी. आज आपके कमरे में एसी लगता है. पोरींना काय लगता है, वर येऊन देखो."

साहेबांनी नोकरीवरून काढण्याची धमकी दिली. बाईंनी फळा नसल्यामुळे तोंडी व्याकरण सुरू केलं. मी दारातच उभी होते, पण मुली इतक्या मन लावून प्रयोग ओळखत होत्या की मीही खाली बसून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी सुजाताच्या आईबरोबर मलकपेठ, बरकतपुऱ्याहून पालक आले आणि साहेबांच्या दारात उभे राहिले. तेव्हा कुठे शाळा सकाळची झाली आणि पत्र्याखालचे वर्ग खालच्या सभागृहात आले.

बाईंचं तेवढ्याने भागलं नाही. "पावसाळ्यानंतर पुन्हा वर चढवतील," त्या म्हणाल्या. एका रविवारी पदर खोचून त्या पत्र्यांना चुना फासायला उभ्या राहिल्या. हातात कुंचा, डोक्याला ओला टॉवेल. पालकांनी बादल्या वर पोचवल्या. पत्रे पांढरेशुभ्र झाले आणि खोल्या थोड्या निवल्या. तरी बाईंनी उन्हाळ्यात तिथे वर्ग भरू दिला नाही. "कमी भाजतं म्हणजे भाजत नाही असं नव्हे."

निवृत्तीनंतर त्या बरकतपुऱ्यात मुलीकडे, माधवीकडे राहायच्या. गेल्या तेही भर मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास. नातेवाईक जमले. बाईंचे थोरले दीर, ऐंशी ओलांडलेले अप्पा, घाई करू लागले, "मढं ताटकळत ठेवू नये. बारापर्यंत निघू."

माधवी दारात आडवी उभी राहिली. "आईने बजावून ठेवलंय, मेल्यावर माझ्यापायी कुणाला उन्हात चालवायचं नाही. उद्या उजाडताच नेऊ."

"शास्त्र आहे की नाही काही?"

"शास्त्र लिहिलं त्या काळात मे महिनासुद्धा वेगळा होता, अप्पा. बर्फ सांगितलाय मी."

अप्पा रागावून कोपऱ्यात बसले. घरात कुजबूज झाली, पण माधवी दारातून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गल्ली भरून गेली. शाळेतल्या जुन्या कितीतरी मुली आल्या होत्या. काहींच्या कडेवर लेकरं होती. सुजाता सर्वांत पुढे होती. हवेत अजून गारवा होता. अप्पा काठी टेकत, कुणाचाही हात न धरता, स्मशानापर्यंत चालत आले. तिथल्या कठड्यावर टेकत ते मला म्हणाले, "काल दुपारी निघालो असतो, तर मी काही पोचलो नसतो गं."